निओडिमियमचा पट्टा उलटला तेव्हा

खिडकीपाशी धरली की जांभळट, ट्यूबलाइटखाली नेली की निळसर. माझ्या संशोधनातल्या निओडिमियम कॉम्प्लेक्सची, म्हणजे या धातूच्या आयनाला रेणू जोडून केलेल्या संयुगाची, बाटली पहिल्यांदा असा रंग बदलताना दिसली, तेव्हा मी दोन फोटो काढून घरी, रामबागेत, आईला पाठवले. तिचा लगेच फोन: "दोन बाटल्या कशाला गं?" बाटली एकच होती. निओडिमियम ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यात गिळतो आणि ट्यूबच्या प्रकाशात मुळात रंग मोजकेच असतात, म्हणून उरलेला रंग वेगळा दिसतो.

हे घडवणारे ४एफ इलेक्ट्रॉन ५एस आणि ५पी कवचांच्या आत दडलेले असतात. बाहेरच्या लिगंडची, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणूंची, त्यांना जेमतेम झुळूक लागते. त्या झुळकीनेच निओडिमियमची सर्वांत खालची ऊर्जा-पातळी पाच जोड्यांत फुटते, प्रत्येक जोडीत सारख्याच ऊर्जेच्या दोन अवस्था. त्यांतली सर्वांत खालची जोडी कशी आहे, हे मला शोधायचं होतं. साध्या शोषण वर्णपटात, म्हणजे कुठला रंग किती गिळला जातो त्या आलेखात, पट्टे एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

म्हणून एमसीडी, म्हणजे मॅग्नेटिक सर्क्युलर डायक्रॉइझम. चुंबकीय क्षेत्राचा प्रकाशावर परिणाम होतो हे फॅरडेने १८४५ मध्येच जड काचेत पाहिलं होतं. इथे आपण प्रकाशाच्या दिशेनेच क्षेत्र लावतो आणि डावा व उजवा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश (डावीकडे किंवा उजवीकडे पिळत जाणारा) नमुन्यात किती कमीजास्त शोषला जातो, तो फरक मोजतो. फरक इवलासा असतो, पण त्याला चिन्ह असतं, धन किंवा ऋण. शोषणात एकच कुबड दिसतं, तिथे एमसीडीत एक शिखर वर आणि शेजारचं खाली असं स्पष्ट येऊ शकतं. मला या पद्धतीचं सर्वांत प्रेम आहे ते याच कारणाने.

प्रत्यक्षात पहिले दोन महिने नमुन्यातच गेले. मोजणी अतिथंड तापमानाला करायची होती. इथेनॉल-मिथेनॉलचं चारास एक मिश्रण गोठून पारदर्शक काच होते, म्हणून ते घेतलं. पण ५८०चा पट्टा भोवतालच्या बदलाला फार संवेदनशील असतो, आणि द्रावणात त्याचा आकार भुकटीपेक्षा वेगळा आला. म्हणजे मिथेनॉल माझ्या लिगंडला हटवून स्वतः चिकटत होतं! हे आधी तपासलं नसतं तर मी भलत्याच रेणूचा अभ्यास केला असता. मग २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान घेतलं आणि पट्टा जुळला.

पुढची अडचण तडे. तडे गेलेली काच प्रकाशाचं ध्रुवणच बिघडवते. निकेल टार्ट्रेट स्वतःच डाव्या-उजव्या प्रकाशात फरक दाखवतं, म्हणून ही तपासणी करायला त्याचं द्रावण आधी क्रायोस्टॅटच्या (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पात्राच्या) पुढे आणि मग मागे ठेवून त्याचा सिग्नल ताडून पाहायचा. माझ्या पहिल्या नमुन्यात तो जवळपास निम्म्यावर आला. आदल्या आठवड्याचे सगळे आलेख मी त्याच दिवशी बाजूला काढले. नंतर सावकाश गार करत गेले तेव्हा चौथा नमुना धड निघाला.

द्रव हेलियम भरणारे काका म्हणाले, "ताई, आज पूर्ण दिवस मिळेल, घाई करू नका." हेलियम ४.२ केल्विनला उकळतं. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा तरंगसंख्येत (आम्ही ऊर्जा याच मापात मोजतो) सुमारे २०८ प्रति सेंटिमीटर, म्हणून वरच्या जोड्याही थोड्याफार भरलेल्या असतात, ४.२ केल्विनला ती फक्त ३, आणि सगळे आयन तळाच्या जोडीत येतात.

क्षेत्र उलटं केलं. वक्र शून्यरेषेभोवती आरशातल्यासारखा उलटला. जे उलटलं नाही ते उपकरणाचं, ते वजाबाकीत गेलं. मग १० केल्विन, २० केल्विन: सिग्नल तापमानाच्या उलट प्रमाणात घटत गेला, म्हणजे हा सी-टर्म, एमसीडी सिग्नलचा तापमानावर अवलंबून असणारा भाग, तळाच्या जोडीचाच आवाज.

सरांना दाखवलं. त्यांनी आलेख न बघता आधी विचारलं, "निकेल टार्ट्रेट केलंस?" केलं होतं. मग ४.२ केल्विनला क्षेत्र वाढवत ५ टेसलापर्यंत नेलं. सुरुवातीला सरळ चढणारी रेषा वर जाऊन वाकू लागली. क्षेत्रामुळे दुभंगलेल्या जोडीतली खालची पातळी भरत चालली होती, आणि त्या वाकण्यातूनच माझ्या जोडीचा जी-गुणक, म्हणजे क्षेत्रात ती किती दुभंगते याचं माप, काढायचा होता. रात्री नऊपर्यंत आम्ही दोघं बिंदूमागून बिंदू मांडत बसलो.