तरंगणाऱ्या माणसांचं वजन

गेला दीड महिना ज्या चित्राशी झटतेय ते एकदाचं शाईपर्यंत आलं. प्रसंग असा: अंतराळस्थानकाच्या एका कक्षात धूर शिरलाय, चौघं जण पुढच्या दाराकडे झेपावलेत आणि पाचवी दारात हात पुढे करून थांबलीय. कागद ए-३, आडवा.

कक्षाची मापं मनाने घेतलेली नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातली अमेरिकी प्रयोगशाळा ‘डेस्टिनी’ सुमारे साडेआठ मीटर लांब आहे. बाहेरून ती नळकांडं दिसते, पण आतला बोळ चौकोनी आहे. डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली सहा-सहा कपाटांची जागा, एकूण २४, आणि मधे साधारण दोन मीटरचा मोकळा मार्ग. चित्रकाराला यापेक्षा सोयीचं काय हवं! कपाटांच्या फटी म्हणजे चित्रातली खोली (डेप्थ) मोजायला आयती जाळी.

सगळ्या रेषा दाराकडे धावायला हव्या होत्या, म्हणून एकबिंदू पर्स्पेक्टिव्ह घेतलं, म्हणजे आत जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा एकाच बिंदूत मिळतात. हा बिंदू, म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट, कागदाच्या मध्यावर, दारातल्या बाईच्या पुढे केलेल्या तळहातावर. इथवर छान जमलं, पण पहिल्या कच्च्या चित्रात कडेच्या दोघांची डोकी अंड्यासारखी लांबली. दोन संध्याकाळी मी डोकीच दुरुस्त करत बसले, आणि चूक डोक्यांत नव्हतीच. जिथे चौरसांचे कर्ण जाऊन मिळतात आणि ज्याच्यावरून चौरसांची खोली कापतो तो डायगोनल पॉइंट कागदावरच मावावा म्हणून मी तो व्हॅनिशिंग पॉइंटपासून १८ सेंटिमीटरवर घेतला होता. हे अंतर म्हणजे बघणाऱ्याचा डोळा कागदापासून किती लांब आहे, ते. १८ सेंटिमीटरवरून ४२ सेंटिमीटर रुंदीचा कागद पाहायचा तर नजर ९० अंशांच्याही पलीकडे फाकते आणि कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. आडव्या मापात ६० अंशांच्या आत राहायचं असेल तर बिंदू किमान साडेछत्तीस सेंटिमीटरवर हवा, म्हणजे कागदाच्या कडेपासून साडेपंधरा सेंटिमीटर बाहेर. मग कागद मोठ्या ड्रॉइंग बोर्डावर चिकटवला, शेजारी जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जोडली आणि बिंदूवर टाचणी टोचली. पुन्हा आखल्यावर डोकी आपसूक गोल झाली.

आकृत्यांसाठी तीन संध्याकाळी शिवाजी पार्कला मल्लखांबाचा सराव बघायला गेले. शिकवणाऱ्या सरांना विचारून कडेला बसले. तीस-तीस सेकंदांची जेश्चर स्केचेस, म्हणजे शरीराची फक्त हालचाल पकडणारी झटपट रेखाटनं, खोडरबर घरी. दोरीवरची एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे: दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात आवळलेली, पोटरीवर ताणाची उभी रेघ, एक खांदा कानापर्यंत चढलेला, छाती एकीकडे वळलेली आणि कंबर दुसरीकडे. अशी वळणं आरशासमोर उभं राहून सुचत नाहीत.

त्या पोझेस कक्षात बसवल्या आणि माणसं तरंगेचनात, लोंबकळायला लागली. कारण उमगायला आठवडा गेला. मल्लखांबावरच्या शरीराला सतत खाली ओढ असते आणि प्रत्येक स्नायू त्या ओढीला उत्तर देत असतो. स्थानकात ती ओढ जाणवतच नाही. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरच्या अंतराळवीरांची शरीरं सैल सोडल्यावर कशी राहतात याचा अभ्यास झाला होता: कंबर आणि गुडघे अर्धवट वाकलेले, हात आपोआप छातीसमोर वर आलेले, मान किंचित पुढे. धड आणि मांडी यांतला कोन सुमारे १२८ अंश, गुडघ्याचा सुमारे १३३. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर होते, तेव्हाचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले तर हे हात कसे वर येतात ते दिसतं. मी त्यांवरूनही बरीच स्केचेस केली.

मग ताण दाखवायचा कुठे? शरीर जिथे भिंतीला टेकतं, तिथेच. भिंतीला रेटा देऊन निघालेला माणूस सरळ रेषेत जात राहतो. मधे कितीही हातपाय मारले तरी पुढची पकड मिळेपर्यंत त्याची वाट जवळजवळ बदलत नाही. म्हणून चौघांपैकी कोणी कुठल्या कपाटाला रेटा दिला ते आधी ठरवलं, तिथून बारीक रेष ओढली आणि मग शरीर त्या रेषेवर ठेवलं. चित्रातला वेग या चार रेषांनी आला. आता चौघांत ताण फक्त एकाच्या पायात आहे, जो या क्षणी भिंत सोडतोय. त्याला दोरीवरच्या मुलीची पोटरी जशीच्या तशी दिली. दारातल्या बाईचं पाऊल दांडीखाली अडकवलंय. अंतराळवीर असेच स्थिर राहतात, त्यामुळे त्यांना घट्टे पावलाच्या वरच्या बाजूला पडतात. तिच्या मोज्यावर नेमकं तिथेच रफू काढलंय.

फोरशॉर्टनिंगचा, म्हणजे आपल्या दिशेने आलेलं शरीर आखूड दिसतं ते काढायचा, एक उपाय कुणालाही करून पाहता येईल. दोन काडेपेट्या घ्या, एक छाती, एक कंबर, मधे मातीचा गोळा. हवं तसं पिरगाळा, दोऱ्याला टांगा आणि काढा. तरंगणारा माणूस कक्षाला समांतर नसतो, त्यामुळे कक्षाचा व्हॅनिशिंग पॉइंट त्याला चालत नाही. प्रत्येक पेटीच्या कडा आपापल्या बिंदूकडे जातात. हे समजणं एक आणि हाताला वळण पडणं दुसरं. मला साठेक पेट्या काढाव्या लागल्या.

धुराचंही बदललं. गुरुत्वाची ओढ जाणवत नसली की गरम हवा वर चढत नाही, धूर पंख्यांच्या झोतानेच पसरतो. आधी काढलेले वर जाणारे लोट पुसले आणि झडपांपासून सपाट पसरणारा करडा थर दिला. लांबची कपाटं त्यात फिकट झाली आणि बोळाची खोली वाढली.

सगळ्यात जवळच्या माणसाचे तळवे आपल्याकडे आहेत, डोक्याच्या दुपटीहून मोठे. डावा बसलाय. उजव्याची टाच अजून पुढे येत नाही. ट्रेसिंग पेपरवर पाच वेळा काढून झाली, रविवारी सहाव्यांदा काढेन आणि मगच त्या कोपऱ्यात ०.८ मिलिमीटरचं शाईचं पेन लावेन.