शिट्टीऐवजी ढोल

कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचा आमचा मेळावा ठरायचा फेब्रुवारीत, १५ तारखेच्या आगेमागच्या रविवारी. १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलात १९९१ पासून वेगळं ‘ॲक्ट’ क्लिनिक चालतं. अशा क्लिनिकात जे तपासतात, त्यातलं बरंचसं मेळाव्याच्या मैदानावर आपसूक दिसायचं.

धावण्याची शर्यत शिट्टीवर सुटायची. एखाददुसरं पोर खडूच्या रेघेवरच उभं! ‘लक्ष कुठंय?’ म्हणून हशा व्हायचा. लक्ष होतं; सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधामुळे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. अशा मुलाला हाक ऐकू येते, पण शिट्टी येत नाही. बोलण्यातले ‘स’, ‘श’ निसटतात, आणि वर्गात बोलणी बसतात. मग गणपती मंडळाचा ढोल आला. त्याचा ठोका सगळ्यांपर्यंत पोचायचा. अशा मुलांना ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला, पाठवायचं आणि शाळेसाठी पहिल्या बाकाची चिठ्ठी द्यायची, हे ठरून गेलं.

उंची दरवर्षी एकाच खांबावर पेन्सिलीने. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढावं. डोक्याला रेडिएशन घेतलेल्यांच्या दोन वर्षांच्या रेघा कधीकधी चिकटून असत. मग वाढीचं हार्मोन आणि थायरॉइड तपासायचं.

खरी गर्दी फायलींच्या टेबलाशी, शिऱ्याच्या पातेल्यापेक्षाही जास्त. पिशवीतून निघे तो गठ्ठा कधी भिजलेला, कधी वाळवी लागलेला. त्यातून एकच पान करायचं: आजार, तारखा, औषधं, प्रत्येकाचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनच्या डोसाचं माप), ऑपरेशन. गाडी अडायची डॉक्सोरुबिसिनपाशी; हे कर्करोगावरचं औषध जास्त झालं तर हृदयाला इजा करू शकतं. डिस्चार्ज कार्डांवर एकेका वेळचा डोस असे, बेरीज कुणी केलेली नसे. ती शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर २५० मिलिग्रॅम किंवा वर गेली, तर दम लागत नसला तरी दर दोन वर्षांनी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

मुली अठराच्या झाल्या की काही घरांतून येणं बंद व्हायचं. स्थळं बघताना फाइल माळ्यावर जाई, एखादी तर बंबातही. हे आम्हाला कधीच पटलं नाही. गरोदरपणात हृदयावर भार वाढतो, नेमकी तेव्हाच ती बेरीज लागते. म्हणून ते पान आईकडे न देता मुलीच्याच हातात. दोन प्रती, शिवाय तिच्या मोबाइलमध्ये फोटो.

संध्याकाळी ढोल न्यायला मंडळाची पोरं यायची. तो त्यांच्या हाती लागायला आणखी तासभर तरी जायचा.