वाल्तेल्लिना: दगडी तालींवरची द्राक्षं आणि डिसेंबरची वाट

आमचं घर तासगावकडचं, बेदाण्याच्या शेडमध्ये वाढलेलं. त्यामुळे द्राक्षं वाळवून त्यांची वाईन करणारं एक खोरं इटलीत आहे हे कळल्यापासून तिथं जायचंच होतं. ऑक्टोबरमध्ये चार दिवस काढून वाल्तेल्लिनाला जाऊन आलो.

हे खोरं लोम्बार्दीच्या उत्तर टोकाला, स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून आहे. मिलानो चेंत्रालेहून, म्हणजे मिलानच्या मुख्य स्थानकावरून, तिरानोची गाडी पकडायची आणि डाव्या बाजूची खिडकी धरायची. लेक्कोपासून कोलिकोपर्यंत कोमो सरोवर सोबत करतं. सोंद्रियोला दोन तासांत पोचता, तिरानो शेवटचं स्थानक. मुक्काम सोंद्रियोत करा, मळे तिथून पायी गाठता येतात.

आल्प्समधली बहुतेक खोरी उत्तर-दक्षिण असतात. अद्दा नदीचं हे खोरं मात्र पूर्व-पश्चिम पसरलं आहे. त्यामुळे उत्तरेकडच्या सगळ्या उताराला दिवसभर दक्षिणेचं ऊन मिळतं आणि सरोवराकडून ब्रेवा नावाचा वारा येऊन घड कोरडे ठेवतो. द्राक्ष नेब्बिओलो, पण इथं कुणी त्याला नेब्बिओलो म्हणत नाही. इथलं नाव कियावेन्नास्का.

सोंद्रियोहून पश्चिमेला सासेल्लाच्या जुन्या देवळाकडे चालत गेलो, तेव्हा खरं काम डोळ्यांपुढे आलं. उभ्या खडकावर एकावर एक दगडी ताली. ना चुना, ना सिमेंट. आपल्या कोकणातला गडगा जसा रचतात तसा दगडावर दगड, मागे बारीक खडी, म्हणजे पावसाचं पाणी फटींतून निघून जातं. पाणी अडलं की भिंतीला पोट सुटतं आणि ती एक दिवस खाली येते. अशा भिंती एकापुढे एक मांडल्या तर सुमारे 2,500 किलोमीटर होतील. मागची माती माणसांनी पाठीवरच्या टोपल्यांतून वाहून आणलेली. कोरड्या दगडी भिंतींची ही विद्या 2018 साली युनेस्कोच्या यादीत गेली, पण पडलेली भिंत उभी करायला आजही हातच लागतात. इथं ट्रॅक्टर चढत नाही. काही ठिकाणी क्रेट वाहायला एकरुळी गाडी आहे, काही ठिकाणी चक्क हेलिकॉप्टर. मला वाटतं, या वाईनच्या किमतीबद्दल कुरकुर करण्याआधी प्रत्येकाने या पायऱ्या एकदा चढाव्यात.

वाल्तेल्लिना सुपेरिओरे या इथल्या वाईनचे पाच पोटविभाग आहेत: मारोज्जा, सासेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो, वालजेल्ला. इन्फेर्नो म्हणजे नरक. उन्हाळ्यात तिथले खडक तापतात तेव्हा नाव पटतं म्हणे. मला ऑक्टोबरातही टोपी लागली.

ज्यासाठी गेलो होतो तो स्फोर्त्सातो, म्हणजे वाळवलेल्या द्राक्षांची वाईन. निवडक घड वाऱ्याच्या माळ्यावर ट्रेमध्ये एकेरी थरात ठेवतात. आपल्याकडे डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर टाकलेला माल पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो. इथं कसलंही डिपिंग नाही, आणि नियमच असा की 1 डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चिरडायची नाहीत. तोवर साखर आणि वास एकवटतात; वाईनमध्ये किमान 14 टक्के मद्यार्क लागतो आणि बाजारात येण्याआधी ती किमान 20 महिने मुरते. माळ्याचं दार उघडलं तेव्हा आलेला वास मला थेट आमच्या शेडमध्ये घेऊन गेला. चवीला मात्र गोड नाही: सुकलेलं आलुबुखार, मसाल्याची ऊब आणि शेवटी नेब्बिओलोचा घट्ट तुरटपणा.

जाणाऱ्यांनी एवढं सांभाळा. वाईनच्या तळघरांना आधी ईमेल करून वेळ घ्या. मी एका ठिकाणी न कळवता गेलो आणि परत यावं लागलं. सुगीचे दिवस, त्यांना उसंत नव्हती. दिवसाला दोनच तळघरं ठेवा. गाडी भाड्याने घेऊ नका, रेल्वे आणि पाय पुरतात. दुपारी अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरं सातपर्यंत बंद, तेव्हा जेवण वेळेवर उरका. शाकाहाऱ्यांनी पित्सोक्केरी मागवावी: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा, लोणी आणि काझेरा चीज. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध विरजायला वापरलेला वासराच्या पोटातला अर्क) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा. चांगल्या पकडीचे बूट हवेतच. एक दिवस उरला तर तिरानोहून स्वित्झर्लंडला जाणारी बेर्निनाची लाल गाडी आहे, शेंगेन व्हिसा तिथंही चालतो.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. मी दोन्ही स्फोर्त्सातोच आणल्या. बाबांना वास आवडला, पण त्यांचा पहिला प्रश्न उत्पन्नाचा. नियमाने हेक्टरी आठ टनांच्या वर द्राक्षं घेता येत नाहीत, असं सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला. “एकरी सव्वातीन टन? आणि वर भिंतीही बांधायच्या?”