अर्धी वीत लांब टाय रॉड

ताशी 70 ला आमची जिमनी अंगात आल्यासारखी घुमायची. कॅल्गरीहून कनानास्किसकडे जाताना पुलाचा एखादा सांधा लागला की स्टिअरिंग आधी नुसतं थरथरायचं आणि मग हातांना जुमानेनासं व्हायचं. डावीकडे बसलेला नवरा समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून “हळू कर, हळू कर” म्हणायचा. 40 पर्यंत वेग उतरला की गाडी एकदम गरीब गाय. जसं काही झालंच नाही.

गाडी 1991 ची सुझुकी जिमनी, मॉडेल जेए11. 660 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो. लांबी 3.3 मीटरच्या आत, रुंदी 1.4 च्या आत, कारण जपानच्या ‘केई’ म्हणजे छोट्या गाड्यांच्या वर्गाचा तेव्हाचा नियमच तसा. कॅनडात 15 वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणता येते. शेजारी अमेरिकेत त्यासाठी 25 वर्षं थांबावं लागतं. म्हणून इकडे रस्त्यावर मधूनच उजव्या स्टिअरिंगची एखादी डेलिका किंवा पजेरो दिसते. जपानमध्ये दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही तपासणी पास करावी लागते, जुन्या गाडीला करही जास्त. मग तिथले लोक गाड्या काढून टाकतात आणि आमच्यासारखे उचलतात.

मला मात्र जिमनी हवी होती ती जपानच्या प्रेमापोटी नव्हे. मी चंद्रपूरची. मामाच्या जिप्सीवर गाडी शिकले, आणि जिप्सी म्हणजे याच घराण्यातली, जरा लांबलेली बहीण. इंडिकेटर उजव्या हाताला, ते हाताला आपोआप सापडतं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, तरी डावीकडे इंडिकेटर असलेल्या गाडीत मी कधीकधी वायपरच लावते.

जपानमधल्या ज्या लिलावातून गाडी घेतली, त्याच्या कागदावर गाडीचं रेखाचित्र होतं आणि त्यावर चार-पाच ठिकाणी इंग्रजी ‘एस’. मी ते सुझुकीचं समजले. नंतर कळलं, ‘एस’ म्हणजे ‘साबी’, जपानीत गंज. गाडी नागानोकडची, बर्फाच्या मुलुखातली. रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागातली. पत्रा वरून छान होता. खालून पाहिलं तर नवऱ्याच्या पायाखालच्या फ्लोअरला एवढं भोक की त्यातून रस्ता दिसत होता.

आणताना 5 टक्के जीएसटी भरला (हो, इथेही जीएसटीच म्हणतात) आणि गाडीत एसी आहे म्हणून 100 डॉलर अबकारी वेगळा. तो एसी आजतागायत एकदाही चाललेला नाही. मग विम्याचा काउंटर. तिथल्या संगणकाला 17 अक्षरी नंबर हवा, आणि जपानच्या गाडीला असतो तो आखूड चासी नंबर. त्या बाईंनी तीन वेळा मला “पूर्ण नंबर सांगा” म्हटलं. शेवटी मी दार उघडून पाटीच दाखवली. हेडलाइट मात्र सहज बदलले. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या दिव्यांचा झोत डाव्या कडेला जास्त पडतो, इथे तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. जुन्या जिमनीला 7 इंची गोल दिवे असतात, जुन्या जीपसारखेच, ते इथे कुठल्याही दुकानात मिळतात.

उघडायला बसले तेव्हा पहिला धडा स्क्रूंनी दिला. जपानी चौफुलीचा स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखाच दिसतो, पण खाच वेगळी असते. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्यातून वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. चार डोकी खराब केल्यावर नीट पाहिलं, तर त्यांच्यावर बारीक टिंब होतं. ते टिंब म्हणजे जपानी मापाची खूण. वेगळे स्क्रूड्रायव्हर मागवले तेव्हा कुठे पुढे सरकलो.

आता घुमण्याची गोष्ट. टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारी दांडी, गेला असणार, असं मीच ठरवून टाकलं. इथल्या एका गॅरेजवाल्यानं गाडीकडे बघून हसून मान हलवली होती, जपानहून मागवायचं तर महिना-दीड महिना. म्हणून चंद्रपूरला मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तू काहून टेन्शन घेते? जिप्सीचा रॉड पाठवतो ना!” आणि कुणालाही न विचारता पाठवलासुद्धा. कुरिअरला रॉडच्या किमतीहून जास्त पैसे गेले. गॅरेजात गाडीखाली धरून पाहिला, तर रॉड अर्धी वीत लांब. नंतरच्या जिप्सीच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर 1300 मिलिमीटर, माझ्या केईचं 1190. बहीण झाली म्हणून काय, मापं वेगळीच की.

मग मामेभावाला जरा शहाणपण सुचलं आणि त्यानं मोहर्लीच्या एका मिस्त्रीशी गाठ घालून दिली. ताडोब्याच्या सफारीच्या जिप्स्या हा माणूस बघतो. पावसाळ्यात तीन महिने जंगलाचा आतला भाग, कोअर, बंद असतो, तेव्हा एकामागून एक गाड्या त्याच्याकडे उघड्या पडलेल्या असतात. आमचे हिवाळ्यातले रात्रीचे साडेदहा म्हणजे त्यांचे सकाळचे अकरा. सकाळची फेरी आटोपून गाड्या परतलेल्या. मी बाहेर उणे 18 मध्ये, गॅरेजात स्वेटरवर जाकीट घालून, फोन डब्याला टेकवून बसलेली. तो बनियनवर, मागे कोंबडी फिरतेय.

“ताई, जॅक लावा. चाक वर-खाली धरून हलवा. हलते?”

हलत होतं.

“आता भाऊसाहेबांना ब्रेक दाबायला सांगा. परत हलवा.”

भाऊसाहेब, म्हणजे माझा नवरा, ब्रेकवर बसले. चाक तरीही हलत होतं.

“मग टाय रॉड नाही होय तो. किंगपिनच्या बेरिंगा गेल्या. ब्रेकनं थांबलं असतं तर व्हीलची बेरिंग म्हटली असती.”

किंगपिन म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं ती. इतकं सोपं होतं. मी दोन आठवडे इंटरनेटवर डोकं फोडत होते आणि या माणसानं दोन वाक्यांत निकाल लावला. आणि किंगपिनची बेअरिंगं, नकलची (चाक ज्यावर बसतं त्या वळत्या सांध्याची) सीलं मात्र दोन्ही बहिणींची सारखी. सुझुकीच्या नंबरात मधोमध आडवी रेघ असते, मारुतीच्या नंबरात तिच्या जागी इंग्रजी ‘एम’ बसतो. ऑइल सीलचा नंबर 09283 नं सुरू होतो, दोन्हीकडे. मी जपानी कॅटलॉगातली यादी वाचायची, तो पलीकडे खोक्यावरचा नंबर वाचायचा. लॉटरीचे आकडे जुळावेत तसे आम्ही ते जुळवले.

हे सामान आणलं बाबांनी. ते तसेही यायचेच होते. चकलीच्या डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार बेअरिंगं आणि सीलचे दोन सेट. आईनं फोनवर मला दोनदा बजावलं, “चकल्यांना ग्रीसचा वास लागला तर मला सांगू नको.” इथल्या विमानतळावर बाबांनी फॉर्मवर ‘मोटारीचे भाग’ असं सरळ लिहिलं. अधिकाऱ्यानं चौकशी केली ती लोणच्याची.

शनिवारी डावी बाजू उघडली. नकलचा गोळा सुटा केला आणि आतून राखाडी रंगाचं काहीतरी घळकन बाहेर आलं. मी फोन जवळ नेला. मिस्त्री क्षणभर बघत राहिले.

“ताई, हे ग्रीस होय का पिठलं?”

एक्सलचं आतलं सील गेलेलं, त्यामुळे डिफरन्शियलचं तेल पुढे येऊन ग्रीसमध्ये कालवलं गेलेलं. बेअरिंगच्या वाटीत रोलरांचे ओळीनं खड्डे पडलेले, बोट फिरवलं की नखाला लागत होते. घुमणं यातून येत होतं. चाक सरळ धरायला जो दाब लागतो, तोच उरला नव्हता.

तो दाब मोजायला मॅन्युअलमध्ये स्प्रिंगचा काटा सांगितलाय: टाय रॉडच्या भोकात आकडा अडकवून ओढायचं, 1 ते 1.8 किलोच्या दरम्यान नकल फिरायला लागली पाहिजे. कमी भरलं तर किंगपिनखालचा शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, काढायचा, जास्त भरलं तर घालायचा. माझ्याकडे होता विमानतळाच्या बॅगा तोलायचा काटा, 23 किलोच्या हिशेबानं बाळगलेला. बाबा म्हणाले, “चालतो की.” पहिल्यांदा अर्धा किलो आलं. एक शिम काढला. 0.9. अजून एक, सगळ्यात पातळ, कागदासारखा. 1.4. बाबांनी मोठ्यानं आकडा वाचला आणि उगाचच वहीत लिहून घेतला. मिस्त्रींचं म्हणणं, ते काटाबिटा काही वापरत नाहीत, हातालाच कळतं. माझ्या हाताला अजून कळत नाही.

वरची किंगपिन वर, खालची खाली, अदलाबदल करायची नाही, एवढं त्यांनी चार वेळा सांगितलं. तरी उजव्या बाजूला मी घोळ घातलाच, आणि रविवार त्यातच गेला.

जिप्सीचं सगळंच चालतं असं मात्र कुणी समजू नये. माझं इंजिन एफ6ए, त्याचा जिप्सीशी संबंध नाही. टर्बोचे पाइप, टायमिंग बेल्ट जपानहूनच येणार. टाय रॉडची तर बातच सोडा. गंमत म्हणजे आता हरियाणात बनलेली पाच दारी जिमनी मारुती जपानला पाठवते. 2025 च्या सुरुवातीला तिथे ती जाहीर झाली आणि काही दिवसांत 50 हजारांच्या आसपास मागण्या आल्यानं नोंदणीच थांबवावी लागली. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग तीस वर्षांनी तिचेही पार्ट माझ्या पोराले मागा.”

सोमवारी कामावर जायच्या आधी गाडी बाहेर काढली. बाबा डावीकडे, जाकीट, टोपी, वर मफलर. 60. 70. पुलाचा सांधा आला, धडधडला, गेला. स्टिअरिंग जागच्या जागी. बाबांनी दांडी धरली होती ती हळूच सोडली. 80 च्या पुढे मी गेले नाही, इंजिन आधीच ओरडत होतं आणि मागून ट्रक येत होता.

फ्लोअरचं भोक अजून आहे. त्यावर सध्या रबरी मॅट घातलीय, पत्रा उन्हाळ्यात लावू. आणि तो लांबलेला टाय रॉड गॅरेजच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवा ठेवलाय. बर्फातून आलं की ओले हातमोजे वाळत घालायला तो अगदी मापाचा आहे.