सिनेमातला एक डायलॉग गेममध्ये आणला त्याचा अनुभव

एका वाक्यासाठी आमचा अख्खा पावसाळा गेला, त्याचा राग अजून जात नाही म्हणून लिहितोय. वाक्य असं, "भरती इली रे, आता थांबूचा नाय!" आमच्या देवगडकडे शूट झालेल्या एका छोट्या सिनेमात म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडी ढकलताना हे बोलतो, आणि आमच्या बंदरावर पोरंसोरं अजून बोलतात. त्याच सिनेमावरून आम्ही टाइम ट्रॅव्हलचा गेम केला. भरतीला होडी खाडीत घातली की काळ बदलतो, कधी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या दिवशीचा विजयदुर्ग, कधी ब्रह्मदेशाचा थिबा राजा राहत होता तेव्हाची रत्नागिरी. काळाची ही उडी मारताना तांडेल बोललाच पाहिजे, यावर मी शेवटपर्यंत अडून बसलो.

कथेचे हक्क लगेच मिळाले, कोडिंगही झालं. अडलं ते निर्मात्याच्या मुंबईच्या ऑफिसात. करारात कथा आणि पात्रं होती, संवादांचा उल्लेखच नव्हता. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, मेल केला की "फॉरवर्ड केलाय". शेवटी रात्रीच्या गाडीने गेलो, तर सही करणारे बाहेरगावी, आणि रिसेप्शनवरच्या मॅडम म्हणाल्या एका वाक्याला कशाला परवानगी, टाका की. पण उद्या कोणी नोटीस पाठवली तर त्या मॅडम येणार आहेत का? बऱ्याच दिवसांनी पत्र आलं ते दोन ओळींचं, "संवाद वापरण्यास हरकत नाही." ना मुदत, ना प्रदेश. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट आहे, मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमचा गेम स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात जाणार, दुबईतला आणि लंडनमधला कोकणी माणूस खेळणार, मग ते पत्र घेऊन करू काय? परत पाठवलं. पुन्हा तेच, साहेब मीटिंगमध्ये. शेवटी मीच मसुदा टाइप केला, कुठलं वाक्य, कशात वापरणार, किती वर्षं, जगभर, मानधन किती, सगळं लिहून ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नेलं आणि सही होईपर्यंत तिथल्या बाकड्यावरून उठलो नाही. सही झाली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं.

तुम्ही करणार असाल तर मसुदा पहिल्या दिवशीच स्वतः न्या, त्यांच्या पत्राची वाट बघू नका.

सिनेमातला आवाज तसाच कापून घ्यायचा विचार सोडा, त्यात मागचं संगीत मिसळलेलं असतं आणि त्या ध्वनीचे हक्क वेगळे. कलाकाराचा हक्क तर कायद्यात आणखी वेगळा आहे. आम्ही मूळ कलाकारालाच गाठलं, दशावतारातले जुने नट, आनंदाने आले. आवाज तोच हवा यासाठी मी टीमला "बॅक टू द फ्युचर"चा गेम दाखवला होता. सिनेमा १९८५ चा, टेलटेल कंपनीचा गेम २०१० चा, तरी त्यातल्या शास्त्रज्ञाला, डॉक ब्राउनला, आवाज सिनेमातल्या ख्रिस्तोफर लॉइडचाच, त्यामुळे त्याचं ठरलेलं "ग्रेट स्कॉट" ऐकलं की माणूस लगेच ओळखू येतो. नायक मार्टीसाठी दुसरा कलाकार घेतला होता, पण डॉकच्या बाबतीत तडजोड नाही, आणि मला ते अगदी पटतं.

रेकॉर्डिंग आमच्या माडीवर, खिडक्यांना गोधड्या लावून. पंप बंद, पंखा बंद. त्या नट आजोबांना उभं करून हातात खरोखरचं वल्हं दिलं, तेव्हा "इली रे" ला तो जोर आला, बसून बोलले होते ते सगळं फुकट गेलं. हो, आणि एकच टेक वापरू नका, दर उडीला तोच आवाज वाजला तर खेळणारा कंटाळतो. दमलेला, घाबरलेला, खूश असे वेगवेगळे टेक घेतले आणि गेम त्यातला कुठलाही उचलतो, काही उड्यांना तर मुद्दाम काहीच नाही. पहिल्या उडीला मात्र पूर्ण वाक्य, संगीत खाली आणून.

संवादलेखकाचं नावही क्रेडिटमध्ये टाका, आमच्या मसुद्यात ती अट मी स्वतःहून घातली होती.