हरलेल्यांचे दगड : सोलापूर ते विजापूर

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात लोक बागेतून शिरतात, सिद्धेश्वर तलावाकडच्या बाजूला फोटो काढतात आणि परततात. आम्ही तटाच्या पायाशी, भिंतीला लागून चालायला सुरुवात केली. लढाई आणि कला यांचा या भागातला संबंध बघायचा असेल तर नजर बुरुजाच्या टोकावर नको, खालच्या चार-पाच थरांवर हवी.

किल्ला बहमनी काळातला. त्याआधी इथे संत सिद्धरामेश्वरांचे सोन्नलगी गाव होते. तटात जुन्या देवळांचे दगड जागोजाग बसवले आहेत. ते ओळखायचे कसे? नक्षीची पट्टी अर्ध्यातच तुटते आणि शेजारचा दगड कोरा असतो. खांबाचा तुकडा आडवा पडलेला दिसतो. कमळ अर्धेच असते किंवा मूर्ती डोक्यावर उभी असते. काही दगडांच्या कडेला बोटभर खोल खाच दिसते. दोन चिरे धातूच्या पट्टीने सांधायची ती जुनी जागा, नव्या भिंतीत तिला काही काम उरलेले नाही. अशा खाचा दिसल्या की दगड आधी कुठल्या तरी इमारतीत होता हे धरून चालावे.

असे दगड पाहून ‘देऊळ फोडले आणि अपमान म्हणून तटात घातले’ एवढे म्हणून मोकळे होणारे खूप. तेही झालेच असेल. पण बेसाल्ट घडवणे हे महिनोनमहिन्यांचे काम आहे, आणि शत्रू दाराशी असताना तयार चिरा कोण सोडील? काही ठिकाणी कोरीव बाजू मुद्दाम बाहेर ठेवलेली वाटते, काही ठिकाणी ती आत गेली असणार आणि आपल्याला कधी दिसणारही नाही. एकेक दगड बघूनच बोलावे.

हा किल्ला म्हणजे अहमदनगर आणि विजापूर यांच्यातली कायमची भांडणाची जागा. हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी हिचे लग्न अली आदिलशहाशी लावले तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले. या सोयरिकीने जुळलेली युती जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीला, म्हणजे तालिकोटच्या लढाईत, विजयनगरावर चालून गेली. त्या विजयावर आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य लिहिले. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रांत हुसेनशहाशेजारी त्याची राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, बसलेली होती. हुसेनशहा वारल्यावर कारभार तिच्या हाती आला, आणि १५६९ मध्ये तिच्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकलेली आहे. विजयाचे चित्र काढून रंग वाळतोय तोवर त्यातली माणसे बदलावी लागली! दरबारी युद्धकलेचा हा रोग जुनाच आहे. धनी बदलला की चित्र बदलते.

वीरगळाचे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या स्मारकशिळेचे, तसे नाही, म्हणून या वाटेवर आमचा जास्त वेळ वीरगळांपाशी गेला. भीमा आणि सीनेच्या काठच्या गावांत कल्याणीचे चालुक्य, मंगळवेढ्याचे कलचुरी, देवगिरीचे यादव असे एकामागून एक येत गेले, आणि त्यांच्या लढायांत मेलेल्यांचे दगड मारुतीच्या पाराशी, महादेवाच्या आवारात, वेशीजवळ उभे राहिले. ज्याचा दगड, तो मेलेला असतो. त्याची बाजू जिंकली की हरली हे दगड सांगत नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालचा कोरा भाग जमिनीत गाडण्यासाठी असतो, म्हणून उंची मोजताना ‘दिसणारी उंची’ असेच लिहावे. पहिल्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. तिथे गाई असतील तर गोधन पळवणाऱ्यांशी झालेली झुंज, म्हणजे गोग्रहण. वाघ किंवा रानडुक्कर असेल तर शिकारीत आलेले मरण. दुसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात, कधी विमानातून. तिसऱ्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर कीर्ती राहावी म्हणून. कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात दिसला तर ती सतीची खूण. गावागणिक चौकटी कमी-जास्त होतात. मुंबईत एकसरला तर जहाजांच्या लढाया कोरल्या आहेत.

चुका ठरलेल्या जागी होतात. लढाईच्या चौकटीत सहा-सात माणसे असली तर वीर कोणता? आकाराने मोठा असतो तो. तरी खात्रीसाठी त्याचा अंबाडा आणि दागिने वरच्या चौकटींत जुळवून बघावेत. डोक्यावर छत्र असेल तर माणूस हुद्द्याचा. पोशाख आणि हत्यारांवरून शतक ठोकून देऊ नये. घाटातला पाथरवट आजोबांच्या काळचीच ढाल कोरत राहिलेला असू शकतो. लेख असेल तरच साल सांगता येते, आणि बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. या पट्ट्यात असला तर तो कन्नडमध्येही असू शकतो.

ऊन समोरून पडले की काही दिसत नाही, कारण उठाव सपाट होतो. ऊन बाजूने तिरपे येईल असा सकाळचा पहिला किंवा सूर्यास्ताआधीचा तास धरावा. सावलीतल्या दगडाला टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरावी. पुसट अक्षरेही वर येतात. फोटो घेताना कॅमेरा दगडाला समांतर, आधी पूर्ण दगड आणि मग एकेक चौकट, शेजारी मापाची पट्टी. अक्षरांत खडू भरणे, तारेचा ब्रश, ॲसिड हे काहीही नको. शेंदूर हीच मोठी अडचण. तेल-शेंदराचे थर चढत गेले की खालची लढाई बुजते आणि वीराचा म्हसोबा होतो. तो खरवडायला जाऊ नये, ती गावाची पूजा आहे. खरा घातक असतो ऑइलपेंट. देवळाच्या रंगरंगोटीत दगडालाही एक हात मारतात आणि चौकटीतली चेहरेपट्टी संपते.

आणि हो, हे दगडही सुरक्षित नसतातच. पायरी, धुण्याचा दगड, गटारावरचे झाकण असे सगळे होते त्यांचे.

विजापूर रस्त्याने जाताना वाट वाकडी करून हत्तरसंग कुडलला जाता येते. भीमा-सीनेच्या संगमावर, सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. तिथल्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’. वाचील तो विजयी होईल. तलवारीविना मिळणारा विजय एवढाच.

सोलापूर ते विजापूर १०० किलोमीटर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असेल तर वाटेत थांबायची गरज नाही. विजापुरात थेट मुलूखमैदान तोफेकडे. ही १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. लांबी सव्वाचौदा फुटांच्या आसपास, वजन सुमारे ५५ टन. तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा, दातांखाली चिरडलेले हत्ती.

धातूकडे लक्ष द्या. साधारण ८० भाग तांबे, २० भाग कथील. तोफेच्या काशाला कथील सहसा दहा टक्क्यांच्या आसपास असते. वीसचे प्रमाण घंटेचे. नुसते तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात, एवढे कथील घातले की ९०० च्या आसपास भागते, रस पातळ राहतो आणि साच्यातले बारीक काम भरून निघते. जबड्याची धार त्यामुळेच टिकली असावी. तोटा असा की घंटेचा धातू कडक पण ठिसूळ, म्हणून भिंत अवाढव्य जाड ठेवावी लागते. नळीचे तोंड दोन फूट चार इंच, बाहेरचा व्यास मात्र त्याच्या दुपटीने रुंद दिसतो तो यासाठी. शिवाय एवढा धातू एका भट्टीत मावत नाही. अनेक भट्ट्यांची तोंडे एका वेळी फोडून रस सोडावा लागतो, आणि एकीचा रस आधी थंडावला तर ओतकामात सांधा राहतो, तोच पुढे फुटतो.

तोफेवर बुऱ्हाण निजामशहाचे नाव आहे, ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन रूमीचेही आहे, आणि १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने आपला लेख त्याच धातूवर कोरवला. अहमदनगर आणि विजापूर दोन्ही तोवर बुडालेली होती. १८५४ मध्ये इंग्रजी अमलात निकामी सामान म्हणून हिचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत चढी बोली लागली १५० रुपयांची. मग लिलाव रद्द झाला.