पांकिसी : डोंगराच्या अलीकडची माणसं

दुइसीत मिनीबसमधून उतरले तेव्हा ज्यांच्याकडे राहायचं होतं त्या आजी फाटकातच उभ्या होत्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "मार्शा योघियला!" शेजारी उभ्या असलेल्या नातीला इंग्रजी येत होतं. तिने शब्द सोडवून सांगितला. 'मार्शा' म्हणजे स्वतंत्रपणे, निर्धास्त. दारात आलेल्या माणसाला चेचेन माणूस 'ये' एवढंच म्हणत नाही, 'मोकळ्या मनाने, कुणाच्या धाकाविना ये' असं म्हणतो. पुरुष आला असता तर 'वोघियला' म्हटलं असतं.

पांकिसीचं खोरं जॉर्जियात आहे, काखेती प्रांताच्या उत्तरेकडे. ऑक्टोबर होता. अख्मेतापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षतोडणी चालू होती, हवेत आंबूस वास होता. पुढे गाडी खोऱ्यात शिरली, तशा चर्चच्या जागी मशिदी दिसू लागल्या. या घरांतून वाइन देत नाहीत, चहा देतात. अलाझानी नदीच्या काठाला दुइसी, जोकोलो, बिरकियानी अशी थोडी गावं. इथल्या लोकांना जॉर्जियन 'किस्त' म्हणतात. ते स्वतःला वैनाख म्हणवतात. 'वै नाख' म्हणजे आपली माणसं.

त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात चेचन्यातून कॉकेशसची रांग ओलांडून आले. पलीकडे रशियन सैन्याशी वर्षानुवर्षं युद्ध चाललं होतं, शिवाय जमिनीची टंचाई आणि घराघरांतली रक्ताची वैरं. दुई नावाच्या मूळपुरुषावरून दुइसी हे नाव पडलं. दीडशे वर्षांत आडनावांना जॉर्जियन 'शविली' जोडलं गेलं, म्हणजे 'अमक्याचं मूल'. मार्गोशविली, अचिशविली. शाळा जॉर्जियनमध्ये. घरात मात्र अजून चेचेनच बोलतात. 2014च्या जनगणनेत साऱ्या जॉर्जियात किस्त भरले सुमारे 5,700. इतक्या लहान समाजाने भाषा अशी धरून ठेवावी याचं मला अतोनात कौतुक वाटलं.

ही भाषा कानाला अगदी परकी. पण आजींची मुलगी त्यांना 'नाना' अशी हाक मारी, आणि माझ्या डोळ्यांपुढे दर वेळी धोतर-टोपीतले आमचे नाना उभे राहत! चेचेनमध्ये नाना म्हणजे आई. सुनेला म्हणतात 'नुस'. तो शब्द ऐकला आणि संस्कृतातली 'स्नुषा' आठवली. ही नुस आम्ही जेवत असताना एकदाही बसली नाही. वडीलधारी बसली असताना सुनेने उभं राहायचं ही तिथली रीत. मला ते बघवेना. माझ्या आजीनेही जन्मभर असंच सगळ्यांच्या पाठीमागून जेवलेलं मी पाहिलंय.

जेवायला मक्याच्या पिठाची जाड भाकरी होती, 'सिस्कल', आणि तिच्याबरोबर दही-लोण्यासारखं घट्ट कालवण. अंगाला लागली की आग होते अशा एका रानपाल्याचं सारण भरलेल्या, मोदकासारख्या खिंकालीही होत्या. शिजल्यावर तो पाला पालकापेक्षा गोड लागतो.

शुक्रवारी दुपारी आजींबरोबर जुन्या मशिदीत गेले. डोकं झाकून भिंतीलगत बसले. दहा-बारा बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. आधी बसूनच हलक्या आवाजात नामस्मरण सुरू झालं, मग टाळ्या, मग एकेक जण उठली आणि रिंगण धरलं. पावलं आपटत, टाळ्यांचा ठेका वाढवत त्या फिरू लागल्या, तसा लाकडी जमिनीचा कंप माझ्या मांड्यांना जाणवायला लागला. सकाळी गुडघे दुखतात म्हणणाऱ्या आजी त्यात धावत होत्या. हा झिक्र, म्हणजे सूफींचं नामस्मरण, कुंता-हाजींच्या परंपरेतला. युद्धाने चेचेन जमात संपून जाईल, शस्त्रं ठेवा, असं सांगणारा हा साधुपुरुष. झारच्या अधिकाऱ्यांनी त्यांना 1864 साली पकडून हद्दपार केलं आणि 1867 साली ते परमुलखातच वारले. शेवटी बायका बसल्या, हात पसरले, आणि सगळ्या जगाच्या शांतीसाठी दुवा मागितली.

गावात नवी मशीदही आहे. तिथली तरुण मंडळी हा झिक्र धर्मबाह्य मानतात. याच खोऱ्यातले काही तरुण सीरियाच्या युद्धात गेले आणि तेव्हापासून पांकिसी म्हटलं की बाहेरच्यांना तेवढंच आठवतं. मला हे अन्यायाचं वाटतं. 2019च्या एप्रिलमध्ये बिरकियानीजवळ जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध हीच माणसं पोलिसांसमोर उभी राहिली होती, आपल्या नदीसाठी. ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी आजींनी अंगणातून उत्तरेचे डोंगर दाखवले. त्या रांगेपलीकडे चेचन्या. 1944च्या 23 फेब्रुवारीला स्तालिनने तिथल्या चेचेन-इंगुश जमातींना, सुमारे पाच लाख माणसांना, मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान-किरगिझस्तानात नेलं. डोंगराच्या या बाजूचे किस्त वाचले. 1999मध्ये चेचन्यात रशियाशी दुसरं युद्ध पेटलं, तेव्हा पलीकडची हजारो माणसं शातीली या सीमेजवळच्या गावाच्या वाटेने इकडे आली. खोऱ्यात जवळजवळ वस्तीइतकेच पाहुणे झाले. आजींनी एक खोली स्वतःला ठेवून बाकी घर दिलं. "किती दिवस?" मी विचारलं. नातीने भाषांतर केलं तेव्हा आजींना प्रश्नच कळला नाही. पाहुण्याला कुणी दिवस विचारतं का?

त्या पाहुण्यांपैकी बरेच पुढे युरोपला गेले. आजींचा धाकटा मुलगाही ऑस्ट्रियात आहे. रात्री व्हिएन्नाहून व्हिडिओ कॉल आला. सहा वर्षांचा नातू जर्मनमध्ये काहीतरी भराभर सांगत होता. आजींनी त्याला थांबवलं. "मार्शा," त्या म्हणाल्या. तो हसला. "मार्शा," त्या पुन्हा म्हणाल्या, आवाज जराही न चढवता. चौथ्यांदा त्याने शब्द म्हटला, 'र' जर्मन पद्धतीने घशातून काढत. आजींनी तो तसाच चालवून घेतला आणि मग त्याला खेळायला जाऊ दिलं.

हेच चेचेन जॉर्डनमध्ये आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेलेले. तुर्कस्तानात आहेत, 1865च्या स्थलांतरातले. त्यांच्यासाठी मायभूमी हजारो किलोमीटर दूर. आजींची डोंगरापलीकडे, आणि तरी तिथे जायला थेट रस्ता नाही. ग्रोझनीला जायचं तर कझबेगीवरून लांबचा वळसा घालून रशियाची सीमा गाठायची. त्या एकदाच गेल्या, बहिणीच्या मयतीला.

निघताना त्यांनी सिस्कल कापडात बांधून दिली. मिनीबस सुरू झाली तेव्हा त्या खिडकीशी आल्या. या वेळी शब्द वेगळा होता, "मार्शा घोयला." जाणाऱ्याने मोकळेपणाने जावं. उत्तरादाखल काय म्हणतात ते मी नातीला विचारायचं विसरले होते. मी मराठीत "येते" म्हटलं.